"लावला?" – "लागला."

मी इथे बरीच वर्षं नुसती वाचणारी आहे. कमेंटसुद्धा कधी टाकली नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, घरात झाडीबोली, गोंदियाच्या बाजारात हिंदी... त्यामुळे लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्या. इथले भुताखेतांचे अनुभव वाचून मी मनातल्या मनात लिहिणाऱ्याची उलटतपासणी घ्यायचे – लाईट गेले असतील, झोप झाली नसेल, मांजर असेल. माझ्या बाबतीत भर दुपार होती, झोप पूर्ण झाली होती आणि मांजर नव्हतं.

आधी गाडीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाबा राईस मिलमध्ये फिटर होते. मिलच्या गोडाऊनमागे एका जुन्या मोटारीचा सांगाडा गंजत पडला होता. तो त्यांनी मालकाकडून मागून आणला आणि मुर्री गावात आमच्या अंगणात सहा वर्षं खपून त्याची हॉट रॉड बनवली. छप्पर कापलं, पुढचे मडगार्ड काढले, बॉनेट लावलंच नाही. इंजिन सगळ्या जगाला दिसतं. मागचा एक्सल जीपचा. गावात तिला 'उघडी' म्हणतात. माझ्यासारख्या मुलीला – जी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते – 'उघडी'त बसून रेल्वे फाटकावर थांबावं लागणं म्हणजे काय, ते विचारू नका. आरटीओचंही विचारू नका.

एक काम बाबांचं शेवटपर्यंत राहून गेलं. जीपच्या एक्सलमुळे हँडब्रेकची केबल कधी जुळलीच नाही. गिअरमध्ये उभी करावी, तर गिअर सुटायचा. म्हणून गुटका. खायचा नव्हे, चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा. बाबांनी तो तेंदूच्या लाकडाचा केला होता. काळा, जड, एका टोकाला पांढरा पट्टा आणि दोरी बांधायला वर आटे पाडून बसवलेली लोखंडी कडी.

पद्धत ठरलेली. चालवणाऱ्याने पेडलवर पाय दाबून बसायचं. दुसऱ्याने उतरून उजव्या बाजूच्या मागच्या चाकाला गुटका लावायचा. चालवणाऱ्याने विचारायचं, "लावला?" दुसऱ्याने म्हणायचं, "लागला." मगच पाय काढायचा. मी एकदा नुसतं "हो" म्हटलं होतं. बाबांनी पाय काढला नाही. "हो कशाचं? लावला म्हणजे तू काम केलं. लागला म्हणजे गाडी थांबली. मले दुसरं पायजे."

दोन वर्षांपूर्वी बाबा मिलमध्येच गेले. हार्ट.

आता जे लिहिते आहे ते मी घरात कोणालाही सांगितलेलं नाही. मी एकुलती एक, म्हणून घाटावर मीही गेले होते. लाकडांची ट्रॉली उतारावर उभी करायची होती, तर काका घरून गुटका घेऊन आले. लाकडं उतरवण्याच्या गडबडीत कोणीतरी तोही उचलून चितेवर ठेवला. मला पांढरा पट्टा दिसला. बाबांच्या पायापाशी, साल न काढलेल्या दोन लाकडांमध्ये. एवढंच म्हणायचं होतं – तो काढा. तीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. माझा आवाज फुटला नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडताना कडी सापडली. मी ती ओढणीत बांधली. अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे. काका अधूनमधून म्हणत, "दादाचा गुटका घाटावर हरवला ना बेटा, कोनी नेला का मालूम." मी मान हलवायचे.

त्यांनी बाभळीचा नवा करून दिला. मी गाडी चालवत राहिले, पण फक्त गोंदियापर्यंत आणि उभी करायची ती सपाट जागा शोधूनच.

आई या गाडीत कधी बसली नव्हती. बाबांचे सगळे रविवार या गाडीने खाल्ले, हा तिचा राग. यंदा फेब्रुवारीत एका सकाळी ती स्वतः म्हणाली, "बोदलकसाच्या तलावावर घेऊन चाल मले. तुझा बाप नेतो नेतो म्हनत गेला."

आदल्या आठवड्यापासून ब्रेकचं पेडल मऊ लागत होतं. मी मागच्या चाकाचा ब्रेक सिलिंडर बदलला, पण ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. काका तिरोड्याला गेलेले. मग आईच बसली पेडलवर, लुगडं सावरत.

"दाब आई... दाबून ठेव... सोड."

"किती वेळा दाबू? शिलाई मशीन होये का हे?"

"हवा आहे अजून. दाब."

"हवा तं तुझ्या बापाच्या डोक्यात होती."

ती हसली. खूप दिवसांनी. म्हणून पेडल पूर्ण कडक झालं नव्हतं तरी मी निघाले. चूक माझीच होती. आणि दुसरी चूक – बाभळीचा गुटका अंगणात चाकामागेच राहिला. तो उचलायचा असतो हे आईला माहीत नव्हतं आणि मी पेडलच्या विचारात.

चाळीसच्या वर गेले नाही. प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबून बघत होते, पेडल किती खाली जातंय ते. आई वाऱ्याने पदर धरून बसली होती आणि बसमधले लोक बघायला लागले की तोंड फिरवायची. "पाहून राहिले पाहा कसे. गाडी उघडी अन् आपन बी उघडे."

बोदलकसाला तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, एक कच्चा रस्ता थेट पाण्याकडे उतरतो. मी तिथे वळायला नको होतं. पण रेडिएटर तापला होता आणि पाणी समोर दिसत होतं. अर्ध्या उतारावर मी गाडी थांबवली. तोंड तलावाकडे. खाली पाण्याजवळ मासे धरणारे दोन ढीवर जाळं सोडवत बसले होते. तिघं-चौघं फिरायला आलेले मोबाइल काढून समोर उभे राहिले.

"ताई, हे ट्रॅक्टर होये का जीप?"

"अबे, कपडे काऊन नाही घातले हिनं?"

सगळे हसले. माझे कान तापले. मान खाली घालून, पेडलवर पाय दाबून, मी सवयीने विचारलं, "लावला?"

मागून आवाज आला, "लागला."

मी पाय काढला. गाडी इंचभर पुढे सरकून बसली – नेहमी बसते तशी. आई म्हणाली, गुडघे दुखतात, मी इथंच बसते. मी कॅन घेतला आणि समोरच्या लोकांकडे न बघता पाण्याकडे चालत गेले.

कॅन अर्धा भरला तेव्हा डोक्यात आलं... कोण म्हणालं?

कॅन टाकून मी वर धावले. पन्नासेक पावलं असतील. गाडी जागेवर होती. आई बोरं खात होती. गिअर सुटून न्यूट्रलला आला होता. मी वाकून हाताने पेडल दाबलं, ते सरळ तळाला गेलं. सिलिंडरमधून ऑइल गळून चाकाखालची माती भिजली होती. त्या उतारावर माझ्या आईला फक्त चाकाखालच्या ठोकळ्याने धरलं होतं.

काळा. जड. पांढरा पट्टा. आणि वर एक भोक, आटे असलेलं, जिथे कडी असायला हवी.

मी आधी मोठे दगड आणून चाकांना लावले. घाईत एक दगड पायावर पडला. मग आईला उतरवलं. ढीवरांमधले एक म्हातारे वर आले. त्यांना विचारलं, गाडीमागे कोण होतं?

"कोनीच नोहता बाई. सारे तं तुह्या समोर उभे होते."

आई म्हणाली, "मंग 'लागला' कोन म्हनलं?"

तिने ऐकलं होतं! मी विचारलं, पाहिलं का तू?

"मान वळते का माझी? मले वाटलं तू त्यालेच इचारून राहिली."

"आवाज कोणाचा होता, आई?"

ती बोरांच्या पुडीची घडी घालत राहिली.

काका तिरोड्याहून पिकअप घेऊन आले. गाडी दोराने बांधून वर ओढली, तेव्हा त्यांनी ठोकळा उचलला. उलटसुलट केला. "हा तं दादाचा होये. सापडला का? पाहा, घाटावरून कोनी उचलला असन, मासे धरनाऱ्यांनं नाव अडकवाले आनला असन. दुनिया गोल हाय बेटा."

काकांना explanation मिळालं. ते अजून लोकांना हौसेने सांगतात. मी मान हलवते. तो गुटका कोणीही उचलून नेला नव्हता, हे माहीत असलेली मी एकटी आहे, आणि ते सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल की मी बघत होते आणि गप्प बसले.

बाबांनी असे दोन केले असतील का? काका म्हणतात, एकच. आवाज? वारा होता, लोक हसत होते... पण दोघींनी एकच शब्द ऐकला. मी स्वतःची उलटतपासणी इथल्या सगळ्यांपेक्षा जास्त घेतली आहे.

ठोकळा आता अंगणातल्या फळीवर आहे. कडी टूलबॉक्समध्ये. मध्ये चार पावलं. ती त्या भोकात फिरवून बघायला दोन मिनिटं लागतील. मी बघितलेलं नाही. बसली तर काय करायचं, आणि नाही बसली तर काय – मला दोन्हीची भीती वाटते.

ब्रेक मी पूर्ण नवे केले. काकांनी हँडब्रेकची केबलही कशीतरी जुळवली. तरी सवय जात नाही. गाडी थांबली की तोंडातून निघतंच, "लावला?" आई आता दर रविवारी शेजारी बसते. ती जागची हलत नाही, गुटक्याला हातही लावत नाही. पण माझा शब्द संपायच्या आत घाईघाईने म्हणते, "लागला, लागला."

दुसरं कोणी म्हणायच्या आधी.