मटार सोलताना विचारलेला प्रश्न

आमची मुक्ता लष्कराच्या अकादमीची लेखी परीक्षा पास झाली. आता मुलाखत जवळ आली आहे. तिथे म्हणे उमेदवाराला स्वतःबद्दल लिहायला लावतात. आईवडिलांना तुमच्याविषयी काय वाटतं, हेसुद्धा. त्याचीच तयारी म्हणून काल ती कागद-पेन घेऊन मटार सोलणाऱ्या आईपुढे येऊन बसली.

"आई, तुला माझ्याबद्दल काय वाटतं?"

"म्हणजे?" बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात डोकं घातलं.

घरात आपण दिवसभर किती बोलतो. गॅस संपला, डबा घेतलास का, ताप उतरला का. पण एकमेकांबद्दल काय वाटतं, हे कोण कोणाला विचारतं? आमच्या घरात हा प्रश्न निघायला लष्कराला मध्ये पडावं लागलं!

"दूध उतू जायच्या आत तुझं लक्ष जातं," ही विचार करून म्हणाली. "आणि रडू आलं की तू कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर जातेस."

मुक्ता गोरीमोरी झाली. "असलं नाही गं लिहीत! धाडसी, जबाबदार, असं काही सांग ना."

"ते तुझं तूच लिही." सोलता सोलता हिचा हात थांबला. "आणि मुलांना आईवडिलांबद्दल काय वाटतं, ते नाही विचारत?"

"नाही."

"बरं."

मुक्ताने आईकडे पाहिलं. मग तिने कागद बाजूला ठेवला आणि आईच्या ताटातल्या ओंजळभर शेंगा आपल्यापुढे ओढून घेतल्या.