नवा ड्रायव्हर

नवीन जालना भागातल्या एका दुकानात मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. शाळा नववीतच सुटली, माहेर लांब कोकणात. हे काम गेलं असतं, तर इथं राहायला दुसरा आधार नव्हता.

त्या दुपारी कॉम्प्युटरचा पडदा पुन्हा काळा झाला. मालक ओरडले, "नवंकोरं ग्राफिक्स कार्ड जाळलंस! उद्यापासून येऊ नकोस."

बाकावर भोकरदनचे एक जाडसर व्हिडिओवाले बसले होते, पेन ड्राइव्ह न्यायला आलेले. ते उठले. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात त्यांनी कॅबिनेटच्या जाळीला लावला आणि डोळे मिटून पंख्याचा आवाज ऐकला.

"माझ्याकडं हेच कार्ड हाय. काम झकास करतं, पण उन्हाळ्यात लई तापतं. हे तर आज तापलंबी न्हाई. ताई, नवा ड्रायव्हर टाकला का?"

"ड्रायव्हर मालकच ठेवतात," मी घाबरून म्हणाले. दुकानाच्या गाडीवरचा माणूस कालच बदलला होता.

व्हिडिओवाले पोट धरून हसले. "गाडीचा न्हाई ओ, कार्ड चालवायचं सॉफ्टवेअर!"

त्या सॉफ्टवेअरचं अपडेट मालकांनीच केलं होतं.

"माझंबी ह्याच अपडेटनं बंद पडल्तं," म्हणत व्हिडिओवाल्यांनी जुना ड्रायव्हर परत बसवला. "कार्ड गार हाय शेठ, तुम्हीच गरम होऊन राह्यले."

पडदा उजळला. माझ्याकडंही असंच झालं, एवढं त्यांनी म्हटलं आणि माझ्यावरचा आळ गेला.

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. आता पडदा काळा झाला, की मालक ओरडत नाहीत. "हात लावून बघ गं," म्हणतात.