मोहाला पाकळ्या नसतात

डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून घरी येताबरोबर लिहून राहिली.

आज गोंदियात आम्हा चित्रकला शिक्षकांचं प्रदर्शन लागलं. माझ्या चित्रात काचेची फुलदाणी आहे आणि तिच्यात फिकट पिवळे, गुबगुबीत गोळे. खाली मातकट लाल रंग. चिठ्ठीवर नाव लिहिलं, 'मोह'.

बाहेरून आलेले पाहुणे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "माणसाची हाव छान पकडलीत, मॅडम. फुलांचा आकारच विरघळवून टाकलात, एक पाकळी ठेवली नाहीत."

मी म्हटलं, "सर, ही मोहाची फुलं आहेत. झाडाची."

त्यांचा चेहराच उतरला. "दारूची? मग फुलदाणीत कशाला?"

लगेच आमचे संयोजक धावत आले. "मॅडम, 'पुष्परचना' लिहून टाकू का?"

मी चिठ्ठीला हात लावू दिला नाही. गुलाबाला कोणी विचारते का, तू इथं कायले आला म्हणून?

तेवढ्यात माझ्यासोबत आलेली आई चित्राजवळ गेली. जन्मभर पहाटे जंगलात मोह वेचून घर चालवलेली बाई. तिला म्हटलं, "हे म्हणतात, फुलांना आकार नाही, पाकळ्या नाहीत."

"मोहाले कुठं पाकळ्या रायतेत?" आई म्हणाली. "असाच गोल पडते. वाळला का मंग असा लाल होते." आणि तिनं खालच्या लाल रंगाकडे बोट दाखवलं.

पाहुणे वाकून तो लाल रंग परत बघायला लागले.

चिठ्ठी तशीच आहे, प्रदर्शन संपेपर्यंत तशीच राहील. तुमच्या घरात पोट भरणारं, पण फुलदाणीत ठेवायची लाज वाटणारं फूल कोणतं? खाली नाव लिहा. पुढचं चित्र त्याचंच काढते.