कडीवहिनीचं मागचं कपाट

कामावरच्या वस्तीत तिला सगळे कडीवहिनी म्हणत. तोंडावर नुसतं वहिनी, पाठ फिरली की कडी. नाव क्रेनवाल्याच्या बायकोनं ठेवलं होतं हे तिला ठाऊक होतं, पण रागवायला जागा नव्हती. मुक्काम हलायच्या सकाळी बाकीच्या बायका केस विंचरून, चहा पिऊन जीपमध्ये जाऊन बसायच्या. ही आपल्या ट्रेलरमध्ये एकटी, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेका कपाटाचं दार दोन बोटांनी ओढून बघायची. ओढलं की पुटपुटायची, "बंद." शेवटच्या दारापाशी पोचेपर्यंत पहिल्याचा भरवसा उडालेला असायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

नवरा पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या टोळीत फिटर. एका डोंगरावरचं काम संपलं की टोळी दुसऱ्या डोंगरावर, आणि टोळीमागे घरं. घर म्हणजे चाकांवरची एक लांबट खोली, जीपच्या मागे अडकवून ओढायची. जीपच्या बाजूच्या टोकाला सासूबाईंचा पलंग, त्यावर माथ्याशी कपाटं. मधे ओटा, त्याच्या बरोबर खाली चाकं, आणि ओट्यासमोर तिचं शिलाई मशीन, बिडाचं, माहेराहून आलेलं. मागच्या टोकाला नवराबायकोची झोपायची जागा. टोळीतल्या माणसांचे कपडे लोखंडात अडकून फाटत फार, तेव्हा मशीन रिकामं असं नसायचंच.

"मी दिवसभर बोल्ट आवळतो आणि घरी ही कड्या आवळते," फिटर चारचौघांत म्हणायचा. "आमच्याकडे सैल काही नाही. माझी विजार सोडली तर."

"ती सैल नाही, तुम्ही वाळलात," ती म्हणायची. लोक हसायचे, तीही हसायची. पण कड्यांचा विषय तिच्यापुरता हसण्यावारी नव्हता.

ट्रेलर घेतला तेव्हा कपाटांच्या दारांना नुसती चुंबकं होती. उभ्या घरात तेवढं पुरतं. चालत्या घरात प्रत्येक वस्तूला पाय फुटतात. वळणावर बश्यांची चळत दाराला टेकते, खड्ड्यात डबा उडी मारतो, आणि चुंबक बिचारं कुणाकुणाला आवरणार? हे तिला कळलं ते एका दुपारी. तेव्हा चालत्या ट्रेलरमध्ये सासूबाई आपल्या पलंगावर आडव्या होऊन यायच्या. माणूस मागे बसवायचं नाही हे टोळीत सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळेच बसवायचे. त्या दिवशी मात्र मुलाशी कशावरून तरी वाजलं होतं आणि भांडण अर्धं राहिलं होतं, ते पुरं करायला म्हणून सासूबाई जीपमध्ये येऊन बसल्या. पोचल्यावर हिनं ट्रेलरचं दार उघडलं. पलंगावरचं कपाट सताड उघडं होतं आणि आतली जुनी लोखंडी इस्त्री उशीत रुतून बसली होती. टोक खाली. जिथे रोज सासूबाईंचं डोकं असायचं, बरोबर तिथे.

तिनं इस्त्री उचलली, कापूस आत कोंबला, उशी उलटी केली. दुसऱ्या दिवशी फाटलेल्या जागी ठिगळ लावलं, इतकं बारीक टाके घालून की हात फिरवला तरी लागू नये. सांगितलं कुणालाच नाही. कपाट लावायचं काम तिचं होतं ना. आणि सांगायला तोंड उघडलं की ती उशी डोळ्यांपुढे यायची, मग तोंड मिटायचं.

त्यानंतर दारांच्या मुठींना रबरी दोऱ्या आल्या. फळ्यांवर स्प्रिंगचे पडद्याचे दांडे आडवे बसले, म्हणजे दार उघडलं तरी डबे अडावेत. बश्यांखाली रबरी चटई, दोन बश्यांमध्ये फडकं, फ्रिजला पट्टा. आणि सासूबाई कायमच्या जीपमध्ये. "तुम्ही पुढे असलात की यांना गाडी चालवताना झोप येत नाही," असं काहीतरी ती सांगायची.

"मी काय भोंगा आहे?" सासूबाई म्हणायच्या. पण यायच्या.

यंदा सासूबाईंचा गुडघा सुजला. पाय काठीसारखा सरळ, वाकवला की किंकाळी. नव्या डोंगरावर जायचं तर मधे मोठा घाट. जीपच्या मागच्या बाकावर टोळीची दोरखंडं आणि हेल्मेटं रचलेली होती, तिथे पाय लांब करायला जागा नव्हती.

"आई मागे झोपून येईल," फिटर म्हणाला. "एवढा घाट झाला की संपलं."

"नको."

"का नको?"

सासूबाईच म्हणाल्या, "अगं सूनबाई, मी काय तुझी साखर खाणार आहे मागे बसून? तुझ्या कपाटांना हातसुद्धा लावणार नाही."

ते ठरलं, आणि आदल्या दिवशी तिनं एकेक दोरी दोनदोनदा ओढून बघितली. दोऱ्यांवर विश्वास होता, पण घाटातल्या वळणांवर नव्हता. मशीन जमिनीवर पट्ट्यानं बांधलेलं असे, तरी पट्टा तुटला तर ते घसरत पुढे, थेट पलंगावर. पिठाचा डबा, इस्त्री, तेलाचा डबा, दगडी वरवंटा, सगळ्यांची तोंडं तिला पलंगाकडेच दिसायला लागली.

मग तिला मागचं कपाट आठवलं. टोळीच्या सुतारानं ते फिटरच्या हत्यारांसाठी अगदी शेवटच्या भिंतीला लावून केलं होतं. जाड फळ्या, बुटकं, आणि दारावर आडवा लोखंडी अडसर. हत्यारं आता कंपनीच्या ट्रकमधून जायची, म्हणून ते रिकामंच होतं. पलंगापासून घरातली सगळ्यात लांबची जागा आणि सगळ्यात पक्की. नवरा बाहेर जीप जोडत होता तेवढ्या वेळात तिनं घरातलं जड म्हणून जे होतं ते तिथे नेलं. मशीनचं डोकं सोडवून नेलं, त्याचा बिडाचा स्टँड फरफटत नेला. इस्त्री, डबे, पाण्याचे भरलेले कॅन. अडसर सरकवला. ओढून बघितला. भिंत हलेल, पण हे दार हलणार नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिनं एकदाच "बंद" म्हटलं आणि तिचं समाधान झालं.

ट्रेलर घेतला त्या दिवशी फिटर म्हणाला होता, "जड सामान चाकांवर, मधे. मागे नाही." तिला ते टायरांबद्दलचं बोलणं वाटलं होतं. बायकांच्या कपाटांशी त्याचा काय संबंध?

निघाले. सासूबाईंचा फोन चालू ठेवायचा असं तिनं कबूल करून घेतलं होतं. फोन मांडीवर, आवाज मोठा.

"काय दिसतंय आई?"

"छत दिसतंय. दुसरं काय दिसणार? तुझ्या दोऱ्या दिसतायत. तुरुंगात निजल्यासारखं वाटतंय."

"काही वाजतंय का?"

"माझा गुडघा वाजतोय."

फिटर हसला. चढ नीट पार पडला. माथ्यावर वारा होता, आणि तिथून रस्ता खाली उतरायला लागला, लांबलचक, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा आणि पलीकडे काही नाही. तिची नजर आरशात. आरशात ट्रेलरचा कोपरा एकदा दिसला, एकदा दिसेनासा झाला. पुन्हा दिसला.

"अहो, ते हलतंय का?"

"वारा आहे."

मागून एक लांब ट्रक आला आणि भोंगा वाजवत शेजारून निघून गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि जीपचं मागचं अंग कुणीतरी हातानं धरून बाजूला ओढावं तसं ओढलं गेलं. मग दुसऱ्या बाजूला. मग पहिल्या, अधिक जोरात. आरशात आता आख्खी ट्रेलरची भिंत यायची आणि जायची.

फोनमधून आवाज आला, "अगं, पाळणा जरा जास्तच हलवतोय हा."

"आई, घट्ट धरा! पलंग धरा!"

"धरलाय गं. बाळाला सांग हळू..." आणि आवाज तुटला. घाटात नेटवर्क नव्हतं. ती फोन कानाशी लावून बसली. फोन मुका होता, तरी ती त्यात "आई, आई" म्हणत राहिली.

"ब्रेक मारा ना!" ती ओरडली.

"गप्प बस!" लग्नानंतर इतक्या वर्षांत तो असा तिच्यावर ओरडला नव्हता. जीपचा ब्रेक मारला तर मागचं घर जीपवर चालून येणार आणि दोघांना आडवं करणार, हे त्याला माहीत होतं. त्यानं गॅसवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, इतकं की बोटांची पेरं पांढरी पडली. ट्रेलरच्या चाकांना वेगळा ब्रेक होता, त्याची छोटी दांडी स्टिअरिंगशेजारी. ती त्यानं हळूहळू दाबत नेली. कठडा खिडकीजवळ यायचा, लांब जायचा. कठड्याची एकेक दगडी खूण तिला वेगवेगळी दिसत होती, एकीवर वाळलेलं गवत, एकीचा रंग उडालेला. देवाचं नाव सुचलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं: डावीकडचं वरचं, बंद. त्याखालचं, बंद. फ्रिज, बंद.

मग झोल कमी झाला. आणखी कमी. रस्ता जिथे जरा रुंद होता तिथे जीप बाजूला घेऊन तो थांबला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बसला.

ती उतरून धावली. दार उघडायला हात धजेना. त्या दुपारी हे दार उघडलं होतं तेव्हा काय दिसलं होतं, ते तिच्यापुढे उभं राहिलं. मागून फिटरनं हात घालून कडी काढली.

सासूबाई पलंगाच्या कडेला दोन्ही हातांनी चिकटून पडल्या होत्या. चष्मा एका कानाला लोंबत होता. तोंडाचा रंग पिठासारखा. पण शाबूत होत्या. आणि घरात एक चमचासुद्धा खाली पडला नव्हता. सगळी दारं बंद. सगळ्या दोऱ्या ताठ.

"काही सांडलं नाही हो," सासूबाई कापऱ्या आवाजात म्हणाल्या, जणू त्यांच्यावर राखण सोपवली होती.

फिटर मात्र बाहेर उभा राहून ट्रेलरकडे बघत होता. मागचं टोक रस्त्याकडे दबलेलं, पुढचं वर उचललेलं. ती बाहेर आली तेव्हा त्यानं विचारलं, आवाज न चढवता, आणि त्यानंच ती जास्त घाबरली.

"मागे काय भरलंयस?"

"मशीन," ती म्हणाली. "आणि पाणी. आणि... सगळंच."

"सगळंच?"

"त्यांच्या डोक्यापासून लांब म्हणून."

"शेपूट जड झालं की शेपूटच घराला हलवतं गं. तुला सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. ती पायरीवर बसली. आतून सासूबाईंनी विचारलं, "माझ्या डोक्याचं काय?"

मग तिनं सांगितलं. इस्त्री, उशी, रुतलेलं टोक, सगळं. शेजारून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकाबरोबर ट्रेलर थरथरत होता, आणि ती पायरीवर बसून बोलत होती. सासूबाईंनी डोक्याखालची उशी ओढली, उलटीपालटी केली, ठिगळावर बोट ठेवलं.

"हे होय? मला वाटलं उंदीर. मी उंदरांचं औषध आणून टाकलं होतं पलंगाखाली, किती दिवस!"

"आणि ते मी झाडून फेकलं," फिटर म्हणाला. "मला वाटलं हिची धुण्याची पूड सांडली."

हसू कुणालाच पुरतं आलं नाही. सासूबाई उशीचं ते ठिगळ बोटानं दाबत राहिल्या, आणि मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "एवढं मोठं पोटात ठेवून जेवायचीस कशी गं तू?"

दोघांनी मिळून मशीन चाकांवर आणलं, ओट्याला टेकवून दोन पट्ट्यांनी आवळलं. कॅनमधलं पाणी रस्त्याकडेला ओतून टाकलं. डबे ओट्याखाली, इस्त्री गोधडीत गुंडाळून जमिनीवर. ती इस्त्री पलंगाच्या इतकी जवळ ठेवताना तिचे हात मागे येत होते. फिटरनं घेतली आणि ठेवली. मागचं पक्कं कपाट रिकामं राहिलं, अडसर नुसताच लावलेला.

सकाळी कुणाला सुचलं नव्हतं ते आता सुचलं, दोरखंडं आणि हेल्मेटं ट्रेलरमध्ये, पलंगावर गेली. सासूबाईंना उचलून जीपच्या मागच्या बाकावर आडवं बसवलं आणि ती शेजारी बसली, त्यांचा सुजलेला पाय आपल्या मांडीवर घेऊन. उरलेला उतार जीप बैलगाडीच्या चालीनं उतरली. मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या. प्रत्येक वळणावर ती पाय दोन्ही हातांनी धरायची.

"अगं, पाय आहे तो, कपाट नव्हे," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचाही हात तिच्या दंडावरून निघाला नाही.

नव्या डोंगराखाली पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. ती एकटीच उतरून ट्रेलरकडे गेली. दार उघडायच्या आधी ती "बंद" पुटपुटलीच. इतक्या वर्षांची सवय काय एका घाटात जाणार होती? मघाच्या धांदलीत इस्त्रीसाठी गोधडी काढताना पलंगावरच्या कपाटाचा दांडा काढला होता, तो आणि दोरी लावायचीच राहिली होती. दार उघडं लोंबत होतं. बश्या दोरखंडांवर पडल्या होत्या, आणि उशीवरही.

जीपमधून हाक आली, "काय पडलं गं?"

तिचा हात सवयीनं उशीकडे गेला, उलटी करायला. मग थांबला.

"बश्या," ती ओरडून म्हणाली. "तुमच्या उशीवर पडल्यात. फुटल्यात."

ती दारात उभी राहून वाट बघत होती.

"कप आहेत ना धड?"

"आहेत."

"मग चहा टाक. आणि उशी झटकून आण माझी, मान अवघडली."