पार्किंग भरपूर आहे

शैलेंद्र खांडव्यांना अमेरिकेतल्या आयसेलिन गावात कोणी शैलेंद्र म्हणत नाही. ते सगळ्यांचे काका. ओक ट्री रोडवर कुठं काय खावं, याची त्यांनी मराठीत लिहिलेली दोन पानी यादी कित्येक वर्षं व्हॉट्सॲपवर फिरते आहे. नोकरीसाठी नवा आलेला माणूस घरात गादी यायच्या आधी काकांची यादी मिळवतो. डोसा कुठला कुरकुरीत, छोले कुठले फक्त शनिवारीच खायचे, सगळं त्यात असतं.

काकांची अडचण एकच. कुणाला तोंडावर वाईट म्हणणं त्यांच्याच्यानं होत नाही. परक्या मुलखात चूल मांडणाऱ्याला नाउमेद करायला त्यांची जीभ रेटत नाही. म्हणून जिथलं जेवण पार फसलेलं, तिथं ते लिहितात, 'पार्किंग भरपूर आहे.' बस्स, एवढंच. लोकांनी ही खूण केव्हाच ओळखली. आता कुणाच्या घरची भाजी बिघडली तरी मंडळी एकमेकांच्या कानात पार्किंगचं बोलतात. काका मात्र समजून आहेत की हे गुपित आपल्यापुरतं आणि सुलेखाकाकूंपुरतंच आहे.

गेल्या वर्षी अहिल्या वैरागडेची आयटीतली नोकरी गेली. ग्रीन कार्ड हातात होतं, हिंमतही होती. तिनं सरळ नागपुरी तर्री-पोह्यांचं हॉटेल टाकलं. पण तीन महिने झाले तरी टेबलं रिकामीच. काकांच्या यादीत दोन शब्द बरे आले तर हॉटेल तरणार होतं, पार्किंगचं आलं तर कुलूप लागणार होतं.

काका स्वतः नागपूरचे, त्यामुळं भलत्याच उत्साहानं गेले. पोहे छान मोकळे होते. तर्री मात्र गुलाबी. लाल तवंगाचा पत्ता नाही आणि हरभरे क्रीममध्ये पोहत होते. अहिल्या समोर उभी राहून त्यांचा चेहरा वाचत होती. काकांनी घास कसाबसा गिळला आणि खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या लॉटमध्ये त्यांची एकटीच गाडी होती.

"जागा मोठी आहे हो तुझी," ते म्हणाले. "मागं गाडी लावायला पण…"

"काका, पार्किंग लिहू नका," अहिल्या म्हणाली. "वाईट असेल तर मला इथंच सांगा."

आपलं गुपित गावभर झालंय हे काकांना त्या क्षणी कळलं. ते खजील झाले. मग त्यांनी चमचा खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडावर खरं बोलले, "पोरी, ही तर्री नाही. हे सूप आहे."

अहिल्यानं मग सगळं सांगितलं. इकडं जन्मलेली मुलं एक घास घेऊन टू स्पायसी म्हणायची, म्हणून तिनं थोडं क्रीम घातलं. मग आणखी थोडं. मग साखर. महिनाभर तिनं स्वतःसुद्धा ती तर्री खाल्ली नव्हती. एवढं बोलून तिनं बशी उचलली आणि ती आत गेली.

पोरीचं मन मोडलं म्हणून काका घरी येऊन सोफ्यावर पडून राहिले. काकूंनी चहा पुढे केला नि त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलात."

चौथ्या दिवशी अहिल्याचा फोन आला, या म्हणून. या वेळी तर्री लालभडक होती, वर बोटभर तवंग. मुलांसाठी शेजारी दह्याची वाटी. तिसऱ्या घासाला काकांना ठसका लागला, नाक वाहू लागलं, कपाळावर घाम आला. डोळ्यांतलं पाणी तिखटाचं होतं, पण सगळं तिखटाचं नव्हतं. त्यांना फार आनंद झाला होता. संध्याकाळी त्यांनी यादीत एक ओळ घातली: 'अहिल्याकडे तर्री-पोहे. पार्किंग अजिबात मिळणार नाही.'

ही चक्क थाप होती. त्या दिवशीही मागं त्यांचीच एकटी गाडी होती.

रविवारी सकाळी काका काकूंना घेऊन निघाले. लॉटमध्ये तीन फेऱ्या मारल्या, एक चिंचोळी फटसुद्धा सापडेना. शेवटी चार गल्ल्या पलीकडं गाडी लावून दोघं थंडीत कुडकुडत चालत आले. रांग दारापर्यंत आली होती. काउंटरमागून अहिल्यानं त्यांना पाहिलं आणि पळी वर करून विचारलं, "काका, पार्किंग मिळालं का?"

"नाही मिळालं," काका म्हणाले आणि हसत हसत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.