बापसाने न पाहिलेलं मरण

मी अर्नाळ्यातून निघालो तेव्हा बापूस ओट्यावर जाळं सांधत होता. म्हणालो, "सिनेमात चाललो." त्याने हातातली सुई थांबवली नाही. "दर्यावरचा पोर घोड्यावर बसनार? जा. आजपासून तू आमाला मेलास."

मीही त्याचाच पोरगा. मागे वळून पाहिलं नाही.

चौथी नापास माणूस लिहितोय, चुका पोटात घाला. पण गावात राहिलेल्यांनी वाचा, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनी तर वाचाच.

तेव्हा डाकूंच्या सिनेमांची चलती होती. होडीत तोल सांभाळलेले पाय आठ दिवसांत रिकिबीत बसले. मी फायटर झालो. हिरोची गोळी खायची आणि धावत्या घोड्यावरून पडायचं. माझ्यासारखा पडणारा दुसरा नव्हता, आजही छाती ठोकून सांगतो. पुढे टीव्हीच्या मालिकांतही पडलो. नाव कधी पडद्यावर आलं नाही. बापूस वारला तेव्हा मला कोणी बोलावलं नाही, म्हणून मी गेलो नाही. मी राहतो विरारच्या मनवेलपाड्याला, तिथून अर्नाळा काही विलायत नाही. तरी नाही गेलो.

परवा दुपारी बहीण भिकी सुके बोंबील घेऊन आली. टीव्हीवर माझाच जुना सिनेमा लागलेला. "बघ गो, आता माझी एंट्री." घोडा टेकडीवरून सुटला, हिरोने बंदूक उचलली आणि भिकी उठून चालती झाली.

"अगो, माझ्या पडायच्या वेळी कुठे चाललीस?"

"बापूसपन असाच उठायचा."

चहा माझ्या लुंगीवर सांडला. बापूस? माझा सिनेमा?

"विरारला टॉकीजमदी तुजे सगले बघले त्याने. बंदूक दिसली का भायेर. मंग थेट दर्यावर. नारल सोडायचा नि बोलायचा, 'मी बोललो ता खरा करू नको.' मला शपत घातलेली. पन आता तू पन म्हातारा झालास, कवा सांगू?"

नारळ आम्ही पुनवेला सोडतो, होडीवरच्यांना दर्याने सांभाळावं म्हणून. ह्याने घोड्यावरच्यासाठी सोडला. आणि मी समजत होतो, त्याने माझं नाव टाकलं.

अजून धक्का उतरलेला नाही. काल अर्नाळ्याला गेलो. जुन्या घराच्या जागी भाच्याचं दोन मजली घर आहे, तिकडे वळलो नाही. माझं घर आता ती ओली वाळू, जिथे तो उभा राहायचा. नारळ सोडला आणि मोठ्याने सांगितलं, "बापूस, पडल्यावर दर वेळी मी उठायचो. कपडे झटकून चहा प्यायचो. तेवढं सिनेमात दाखवत नाहीत."