कव्हर राहिलेली राणी

जेवण झालं की माझा डोळा लागतो. आज लागत नाही. सकाळी भावजींचा फोन आला होता, "वहिनी, नाशिकला आलोय. संध्याकाळी ओझरला येऊ का?" मी म्हटलं, "कळवते." सख्ख्या दिराला घरी ये म्हणायला कळवायचं काय असतं? पण ह्यांनी शेवटपर्यंत एकच हेका धरला होता, चिंतूचं पाऊल या घरात नको. हे गेले आणि हेका माझ्या गळ्यात घालून गेले. आता मी काय करू?

पंखा घरघरतोय. घरघर वाढत जाते, विमानाची होते, आणि कॉटवर माझ्या पायांपाशी हे बसलेले आहेत. अंगात विमान कारखान्याचा निळा डगला, मांडीवर कॅरम बोर्ड. पावडर टाकून तळव्यानं पुसतायत.

"अहो, तुम्ही गेलात ना?"

"गेलो म्हणून चहासुद्धा द्यायचा नाही?"

मी स्वयंपाकघरात जाते तर तिथे रेशनची रांग. सगळी वसाहत पिशव्या घेऊन उभी आहे. मापाडी लाल मिलो ओततोय, अमेरिकेहून आलेली ती ज्वारी. हे माझ्या मागेच उभे.

"अमेरिकेच्या नावानं बोटं मोडायचात आणि हिच्या भाकऱ्या मुकाट्यानं खायचात," मी म्हणते.

"भूक लागायची, शालन. आणि तू थापायचीस बरी."

रांग पुढे सरकते ती थेट हँगरमध्ये. अर्धवट जोडलेल्या मिग विमानाखाली एक रशियन इंजिनिअर ठेचा खातोय, डोळ्यांतून पाणी काढतोय. छपरातून बर्फ भुरभुरतंय, पण गार लागत नाही. इथेच हे रशियन बोलायला शिकले. धाकटे भावजी शिकायला शिकागोला गेले. दोघे सिन्नरचे, एका ताटात जेवलेले, आणि जगातलं भांडण वाटून घेऊन बसले.

"एकदा नीट सांगा," मी म्हणते, "त्या दोन देशांचं मुळात बिनसलं कशावरून?"

"दोघांनी मिळून जर्मनीला हरवलं. मग त्याच घरात दोघे समोरासमोर आले. एक म्हणाला, जमीन, कारखाने सगळ्यांचे. दुसरा म्हणाला, ज्याचे त्याचे."

"मग आपापल्या घरी करावं ना तसं."

"दुसरा आहे तोवर आपली धडगत नाही, असं दोघांनाही वाटायचं. बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली. बॉम्ब रचले, इतके की वापरायचीच भीती. मग भांडायचं ते दुसऱ्यांच्या अंगणात. कोरियात, व्हिएतनाममध्ये."

"आणि आपल्या व्हरांड्यात."

हे बोर्ड पुसत राहतात.

हँगरचं दार सरकतं. बाहेर समुद्र. ओझरला समुद्र! वसाहतीच्या मैदानात राखाडी युद्धनौका उभ्या आहेत, आणि मला लगेच कळतं, हा एकाहत्तरचा डिसेंबर.

बांगलादेशचं युद्ध चालू होतं. भावजी सुट्टीवर आले होते, व्हरांड्यात कॅरम रंगला होता. भावजींनी नुकतीच राणी घेतली होती. राणी घेतली की लगेच आपली एक सोंगटी घालून कव्हर द्यावं लागतं, नाहीतर राणी परत बोर्डावर. भावजी नेम धरत होते, तेवढ्यात रेडिओ बोलला, अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालंय.

"आलं बघ तुझं आरमार," हे म्हणाले.

"माझं कसं, दादा?"

"खातोस ना त्यांचं?"

"मग तू कुणाचं खातोस?"

ह्यांनी जाळीतून राणी उचलून घेतली आणि आत निघून गेले. भावजी त्याच संध्याकाळच्या एसटीनं गेले. राणी पुन्हा कुणाला दिसली नाही. पुढे मुलं एका पांढऱ्या सोंगटीला नेलपॉलिश फासून खेळायची.

आता त्या नौकांवर कपडे वाळत घातलेत. एक खलाशी बटाटे सोलतोय. आमच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

"ह्या खलाशांना आपल्या चिंतूचं नाव तरी माहीत होतं का हो?"

"नाही. मॉस्कोला माझंही नव्हतं."

"सोव्हिएत संघ मोडला, त्या दिवशी तुम्ही बोर्ड काढून मांडला होतात. एकटेच बसला होतात, मी बघत होते. फोन का नाही केलात?"

"तो म्हणाला असता, हरलास."

"म्हणाला असता?"

हे मान हलवतात. "नसता म्हणाला. म्हणून तर धीर झाला नाही."

मला ह्यांचा संताप येतो. भिंत पडली, ते दोन देश हात मिळवून मोकळे झाले, आणि माझा हा माणूस भाऊ असून एकटा गेला.

समुद्र ओसरतो. आम्ही व्हरांड्यात आहोत. हे माझ्या हातात काहीतरी ठेवतात आणि माझी मूठ मिटवतात. हात गार आहे, पण ओळखीचा.

"त्याची खेळी राहिलीय, शालन. डाव मी मोडला. सांग त्याला."

जाग येते. वीज गेलीय, पंखा थांबलाय. माझी बोटं पावडरीनं पांढरी झालीत. मूठ उघडते तर लाल राणी, जुन्या लाकडाची, कडेला रंग उडालेली. ती कुठून आली याचा विचार मी करत बसत नाही. फोन लावते.

"भावजी, या. खेळी तुमची आहे."

पलीकडून म्हातारा झालेला आवाज येतो.

"राणी सापडली, वहिनी?"

"माझ्या हातात आहे," मी म्हणते.